सोडियम १२६ आणि मांड्या सुकलेल्या: आधी पेजेचा वाडगा आणि गोळ्यांची पिशवी बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना कळावा म्हणून थोडक्यात परत लिहितो. वडील ७१ वर्षांचे, कुडाळच्या बाजूला गावात ते आणि आई दोघंच. डायबेटिस १८ वर्षं. वर्षभरात वजन ६१ वरून ५२ वर आलं, मांड्या सुकल्या, पायऱ्या चढताना कठडा धरावा लागतो. गणपतीला तुम्ही घरी गेलात तेव्हा रक्त तपासलं तर सोडियम १२६, शुगर ३१०, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज) ९.८, क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) ०.८. आणि कोणीतरी सांगितलं की शरीरात मीठ कमी पडलंय म्हणून स्नायू झडतायत, तर रोज मिठाचं पाणी, ओआरएस आणि शहाळं द्या. तुम्ही विचारताय की सोडियम वाढलं की मांड्या परत भरतील का.

त्याने नाही भरणार, स्पष्टच सांगतो. आणि मिठाचं पाणी आजपासून थांबवा, का ते पुढे लिहितो.

मी सिंधुदुर्गात सत्तावीस वर्षं प्रॅक्टिस करतोय, आणि विसर्जन झालं की आठवड्याभरात असे रिपोर्ट घेऊन येणाऱ्यांची रांगच लागते. चाकरमानी वर्षातनं एकदा येतो, पाया पडून झाल्यावर बापाच्या खांद्यावर हात ठेवतो आणि हाड लागतं हाताला. रोज बघणाऱ्या आईला ते दिसत नाही, तिला फक्त लेंग्याची नाडी दर महिन्याला जास्त ओढावी लागते एवढंच माहीत असतं. त्यामुळे तुम्ही रक्त तपासून घेतलंत हे चांगलंच केलंत.

आता सोडियम. नॉर्मल १३५ ते १४५. हा आकडा अंगात एकूण मीठ किती ते सांगत नाही, पाण्याच्या मानाने मीठ किती ते सांगतो. आमटीत मीठ तेवढंच असलं तरी वरून दोन तांबे पाणी ओतलं तर ती अळणी लागणारच ना. बहुतेक म्हाताऱ्या पेशंटमध्ये हेच झालेलं असतं, मीठ फारसं कुठे गेलेलं नसतं, पाणी अंगात अडकून बसलेलं असतं. पण खरंच मीठ वाहून गेलेलेही असतात, आणि दोघांची ट्रीटमेंट जवळजवळ उलटी. म्हणून नुसता १२६ बघून मीठ द्या किंवा पाणी तोडा असं जो सांगतो तो अंदाजपंचे दाहोदरसे करतोय.

तुमच्या वडिलांच्या १२६ मध्ये थोडा वाटा शुगरचाच आहे. रक्तात साखर वाढली की ती पेशींमधलं पाणी बाहेर ओढते आणि सोडियम पातळ दिसतं. १०० च्या वर प्रत्येक १०० शुगरमागे सोडियम साधारण १.६ ते २.४ ने खाली दिसतं असा हिशोब आम्ही धरतो. ३१० ला हिशोब केला तर खरं सोडियम १२९ ते १३१ च्या आसपास येतं. म्हणजे इतकं भयंकर नाही, पण नॉर्मलही नाही, उरलेल्या चारपाच आकड्यांचं कारण शोधायलाच लागेल. (ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, हजारांत असेल आणि रक्त दुधासारखं दिसत असेल तर काही मशीन सोडियम खोटंच कमी दाखवतात, तेही एकदा बघून घ्या. आणि सलाइन लावलेल्या हातातनं सॅम्पल काढलं असेल तर तो रिपोर्ट सरळ फेकून द्या.)

तर उरलेलं कारण कुठे सापडतं, माझ्या अनुभवात दोन ठिकाणी, ताटात आणि पिशवीत.

ताटाचं बघा. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसाला भूक मेली की तो काय खातो, पेज. विचारलं की उत्तर ठरलेलं, "पेज जेवतंय मगो, दोन येळ." उकड्या तांदळाची पेज उत्तम गोष्ट आहे, मीही खातो, पण दोन वेळा फक्त पेज, मध्ये चारपाच कप चहा, आणि बीपी आहे म्हणून बायकोने मीठ, लोणचं, सुका बांगडा सगळं बंद केलेलं, असं झालं की पोटात जातं ते मुख्यतः पाणी. एका वाडग्यात २५-३० ग्रॅम तांदूळ, म्हणजे प्रोटीन जेमतेम २ ग्रॅम. त्यात मोबाइलवर मुलाने पाठवलेला मेसेज, रोज ४ लिटर पाणी प्या, किडनी साफ होते.

किडनीला पाणी बाहेर टाकायचं असेल तर पाण्यासोबत थोडा माल टाकावा लागतो, नुसतं कोरं पाणी तिला टाकता येत नाही. हा माल म्हणजे प्रोटीन पचल्यावर होणारा युरिया आणि खाल्लेलं मीठ. नीट जेवणाऱ्या माणसाकडे दिवसाला ६०० ते ९०० मिलिऑस्मॉल (विरघळलेला माल मोजायचं माप) माल तयार होतो, पेजेवर राहणाऱ्याकडे २००-२५०. तरुण किडनी लघवी अगदी लिटरला ५० पर्यंत पातळ करू शकते, सत्तरीतली किडनी १०० च्या खाली जाताना दमते. २५० भागिले १०० करा, अडीच लिटर आले, त्याच्या वर प्यायलेलं पाणी अंगातच राहणार आणि सोडियम पातळ करणार. परदेशातल्या पुस्तकांत चहा-टोस्टवर जगणाऱ्या म्हाताऱ्यांचं वर्णन असतं ते हेच, आपल्याकडे टोस्टच्या जागी पेज.

अर्थात तुमच्या वडिलांची शुगर ३१० आहे म्हणजे लघवीतनं साखर जात असणार, आणि ती साखर जाताना पाणी आणि थोडं मीठही सोबत ओढून नेते. त्यामुळे त्यांच्या बाबतीत पाणी जास्त झालंय की मीठ कमी, हे लघवी तपासल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही.

आता पिशवी. गावातला पेशंट औषधं आणतो ती दुकानाच्या प्लास्टिक पिशवीत, त्यात चारचार गोळ्यांचे कात्रीने कापलेले तुकडे, नाव गेलेलं, तारीख गेलेली, कधीकधी नावाच्या शेवटचं एकच अक्षर उरलेलं असतं, "एच". मला तेवढं पुरतं. बीपीच्या गोळीपुढचा एच म्हणजे बहुतेक वेळा हायड्रोक्लोरोथायाझाइड, लघवी वाढवणारं औषध. क्लोरथॅलिडोन आणि इंडापामाइड ही त्याचीच भावंडं. औषधं वाईट नाहीत, स्वस्त आणि चांगली आहेत, पण वयस्कर, बारीक, कमी खाणाऱ्या माणसात सोडियम पाडण्यात यांचा नंबर पहिला. बरेचदा सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच पाडतात, पण वर्षानुवर्षं सोसलेली गोळीही जेवण कमी झालं की अचानक दगा देते. दुसरी गोष्ट, पायांची आग होते म्हणून दिलेली अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिन. या गोळ्या काहींच्या शरीरात पाणी धरून ठेवणारं हॉर्मोन वाढवतात. फिट्सची कार्बामाझेपिन तर त्यासाठी प्रसिद्धच आहे. तुम्ही लिहिलंय की बीपीची एक गोळी आणि पायांच्या आगीची एक गोळी चालू आहे पण नावं नाही लिहिलीत, तीच मला सगळ्यात आधी हवी आहेत.

इथे माझीच एक चूक सांगतो. दवाखाना सुरू करून चारपाच वर्षं झाली होती, एका आज्जींना बीपीसाठी मी अशीच गोळी लिहून दिली, ऐन मे महिन्यात. घामाने जीव नकोसा झालेला, त्यात आज्जी बारीक, वजन ४० च्या आत. पंधरा दिवसांनी आज्जी असंबद्ध बोलायला लागल्या, घरच्यांना वाटलं बाहेरचं काहीतरी आहे, देवाला गाऱ्हाणं घातलं, दोन दिवस गेले त्यात. मग माझ्याकडे आणलं, सोडियम ११२. गाऱ्हाणं घातलं म्हणून त्यांना बोलायला मला तोंडच नव्हतं, गोळी माझी होती. आज्जी वाचल्या. तेव्हापासून सत्तरीच्या पुढच्या बारीक माणसाला मी ही गोळी शक्यतो देतच नाही, आणि दिलीच तर दहाव्या दिवशी सोडियम तपासल्याशिवाय पुढची चिठ्ठी लिहीत नाही. तुम्ही मात्र गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, डॉक्टरला दाखवून बदलून घ्या, अ‍ॅम्लोडिपिनसारखे पर्याय आहेत.

आता मिठाचं पाणी का नको ते. एक लिटर ओआरएसमध्ये सोडियम ७५ असतं, वडिलांच्या रक्तात १२६ आहे. अंगात पाणी धरून ठेवणाऱ्या माणसाला ओआरएस पाजणं म्हणजे अळणी आमटीत त्याहून अळणी आमटी ओतणं. वर त्यात ग्लुकोज आहे, लिटरला साडेतेरा ग्रॅम. जुलाब-उलट्या झाल्यात तर ओआरएस अमृत आहे, इथे तसं नाहीये. शहाळ्याचं तर आमच्याकडे कोणाला सांगायचीच सोय नाही, घरचंच झाड, गडी चढवला की दहा उतरतात. पण शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि सोडियम त्या मानाने थोडंच. डायबेटिसने किडनी थकलेली आणि वर टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू, अशा माणसाचं पोटॅशियम शहाळ्यांनी चढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पोटॅशियमचा रिपोर्ट बघितल्याशिवाय शहाळं नको.

मांड्यांकडे येतो, कारण खरं दुखणं तिथे आहे असं मला वाटतं.

सोडियम बरेच महिने कमी राहिलं तर माणूस डुलतो, लक्ष लागत नाही, पडतो, आणि पडला की खुबा मोडतो, एवढं पक्कं आहे. उंदरांवरच्या प्रयोगात सोडियम खूप दिवस कमी ठेवल्यावर हाडं आणि स्नायू दोन्ही झिजलेले दिसले होते. पण एका वर्षात ९ किलो गेले आणि एचबीए१सी ९.८ आहे, अशा माणसात मी पहिला संशय सोडियमवर घेत नाही, इन्सुलिनवर घेतो. इन्सुलिनचं काम फक्त साखर कमी करणं नाही, स्नायू मोडू न देणं हेही त्याचंच काम. १८ वर्षांनी स्वादुपिंड थकलेलं असतं, इन्सुलिन पुरत नाही, मग शरीर स्वतःच्याच मांड्या मोडून त्यातून साखर बनवतं आणि ती साखर लघवीतनं वाहून जाते. घरचं लाकूड जाळून अंगण गरम करण्यासारखा प्रकार.

आणि घरात कमी पडलेलं प्रोटीन. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पुढे श्रावण, म्हणजे अडीच-तीन महिने ताटात मासा नाही, मटण-चिकन म्हाताऱ्याला चावत नाही, श्रावण पाळायचा म्हणून अंडंही बंद. तुम्ही गणपतीला वजन केलंत ते नेमकं या उपासमारीच्या शेवटाला.

पण सगळ्याच मांड्या अशा सुकत नाहीत. तुमच्याकडून एक गोष्ट तपासून हवी आहे. शिंप्याची टेप घ्या, दोन्ही पायांना गुडघ्याच्या वाटीपासून वर १५ सेंटिमीटरवर पेनाने खूण करा आणि घेर मोजा. एका रापणकर (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारे) काकांची गोष्ट सांगतो, साठीतले, आयुष्य वाळूत दोर ओढण्यात गेलेलं, मांड्या खांबासारख्या. अचानक रात्री डाव्या मांडीत आग आणि कळा, झोप नाही, मग महिन्याभरात पाय वाळत गेला. मुलाने मणक्याचा एमआरआय करून आणला, चकती थोडी सरकलेली, ती या वयात निम्म्यांची असते. मी टेप लावली तर उजवी ४३, डावी ३८. गुडघ्यावर हातोडी मारली तर डावा पाय ढिम्म. हा डायबेटिसमध्येच होणारा मांडीच्या नसांचा आजार, अ‍ॅमायोट्रॉफी म्हणतात, वजनही झपाट्याने उतरतं, त्यांचं ११ किलो गेलं. ऑपरेशन लागत नाही, शुगर सांभाळायची, वेदना कमी करायच्या, व्यायाम करायचा, हळूहळू सुधारतो. काकांना सव्वा वर्ष लागलं. तर दोन मांड्यांत दीडदोन सेंटिमीटरहून जास्त फरक असेल किंवा आधी जोराची कळ येऊन मग मांडी सुकली असेल तर न्यूरोलॉजिस्टला दाखवा.

दोन्ही सारख्या सुकल्या असतील तर एक खुर्ची घ्या, हात छातीवर बांधायला सांगा आणि पाच वेळा उठा-बसायला लावा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायातली ताकद कमी झालीय असं धरतात. पोटरीचा घेर पुरुषात ३४ सेंटिमीटरच्या खाली असेल तरी तोच इशारा. आमच्याकडे पेशंट हे सगळं एका वाक्यात सांगतो, "संडासाक बसलंय काय उठाक जमणा नाय." हे वाक्य ऐकलं की मला टेपची गरज राहत नाही.

आणखी एक, तुमच्या रिपोर्टमधल्या क्रिएटिनिन ०.८ वर खूश होऊ नका. क्रिएटिनिन स्नायूंमधूनच तयार होतं. स्नायूच उरले नाहीत तर किडनी अर्धी बाद असली तरी आकडा सुंदर दिसतो. मी अशा पेशंटला सिस्टॅटिन सी सांगतो, किडनीचीच रक्ततपासणी पण स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली, आणि लघवीतनं प्रोटीन गळतंय का ते सांगणारा अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, तो डायबेटिसवाल्याने दरवर्षी करायलाच हवा. हे कळल्याशिवाय प्रोटीन किती वाढवायचं ते ठरत नाही.

सोडियम कमी आणि माणूस सुकतोय, या दोन्हीला मिळून एकच कारण असणारे काही आजार आहेत, ते सुटता कामा नयेत. पहिला टीबी. डायबेटिसमध्ये टीबीचा धोका दोन ते तीन पट, वजन तोच उतरवतो आणि फुप्फुसातनं पाणी धरण्याचा सिग्नलही तोच देतो. खोकला नसला तरी छातीचा एक्सरे काढा, सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते. बिडी ओढत असतील तर एक्सरे दुप्पट महत्त्वाचा, फुप्फुसाचा एक कॅन्सरही असंच सोडियम पाडतो. दुसरं, मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी बंद पडणं, त्यात सोडियम कमी, पोटॅशियम जास्त, अंग काळवंडतं, आणि गंमत म्हणजे त्याच गोळीवर शुगर अचानक खाली यायला लागते. सकाळी ८ वाजताचं कॉर्टिसॉल (या ग्रंथींचं हॉर्मोन) करा. थायरॉइड तर कराच. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी खूप वर्षं चालू असेल तर बी१२ पण. पावसात ताप येऊन गेला असेल, पोटऱ्या खूप दुखल्या असतील तर तेही सांगा, भातशेतीत उतरणाऱ्यांमध्ये लेप्टोमुळे सोडियम-पोटॅशियम दोन्ही पडलेलं मी दर पावसाळ्यात बघतो, पण तो प्रकार दिवसांचा असतो, वर्षभराचा नाही.

सोडियमसाठी नेमक्या तपासण्या तीन: रक्ताची ऑस्मोलॅलिटी (म्हणजे घट्टपणा), लघवीची ऑस्मोलॅलिटी, लघवीतलं सोडियम. शेवटच्या दोन एकाच वेळच्या लघवीतनं होतात. लघवी अगदी पातळ निघाली तर पेज-पाण्याची गोष्ट खरी. घट्ट असूनही त्यात सोडियम भरपूर जात असेल तर गोळ्या किंवा ते पाणी धरून ठेवणारं हॉर्मोन. लघवीत सोडियम अगदी थोडं असेल तर अंगात पाणी कमी पडलंय, किंवा हृदय-लिव्हरचं काही आहे, तेव्हा पायावर सूज दिसतेच.

जेवणाचं बोलू. किडनी ठीक निघाली तर अशा माणसाला किलोमागे १.२ ग्रॅम प्रोटीन धरतो, ५२ किलोला साधारण ६० ग्रॅम. किडनी खराब निघाली तर आकडा कमी करावा लागतो, तो तुमच्या डॉक्टरला ठरवू द्या. ६० ग्रॅम पावडरच्या डब्याशिवाय सहज होतं: दोन अंडी १२, शंभर ग्रॅम बांगडा किंवा तारली १८-२०, दुपारी काळ्या वाटाण्याच्या आमटीची वाटी ७, रात्री कुळथाची पिठी ५-६, दह्याची वाटी ५, बाकी भात-भाकरीतनं येतं. पेज बंद करू नका, सकाळची एक वाडगा राहू दे, सोबत अंडं किंवा उसळ ठेवा. आईला म्हणावं मीठ अगदी तोडू नका, आमटी चवीपुरती खारट असू दे. आणि खाऊन नुसतं पडवीत बसून राहिले तर तेही वाया जाणार, खुर्चीतून उठ-बस दहा वेळा, दिवसातनं तीनदा, सुरुवातीला हात टेकून चालेल.

इन्सुलिनबद्दल गावात जी भीती आहे, इंजेक्शन लागलं म्हणजे माणूस गेला, ती तुम्हालाच मोडावी लागेल, माझं ऐकत नाहीत पण मुंबईच्या मुलीचं ऐकतात. रात्री एकदा थोड्या युनिटने सुरुवात केली तरी दोन महिन्यांत वजन वर यायला लागलेलं मी कितीदा बघितलंय. वादळात लाइट दोन दोन दिवस नसते, तर चालू असलेली बाटली फ्रीजबाहेर, पाणी न लागेल अशी डब्यात घालून, ओल्या कपड्याने गुंडाळलेल्या मडक्यात ठेवा, ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकते. आणि कोणी वजन उतरवणारी शुगरची गोळी दिली असेल, नावाच्या शेवटी फ्लोझिन असलेली, तर या अवस्थेत ती चालू ठेवायची का ते विचारा. इतक्या सुकलेल्या, इन्सुलिन कमी असलेल्या माणसात तिच्यामुळे शुगर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साचू शकतं.

पाणी तोडायचं का, शुगर खाली आणल्याशिवाय नाही. ३१० शुगरवाल्याला तहान लागणारच, त्याचं पाणी तोडणं हा छळ आहे आणि धोकाही. जबरदस्तीने ४ लिटर मात्र पाजू नका, तहान लागेल तेवढंच.

झोपाळू झाले, उलट्या, बरळणं, झटका, असं काही झालं तर तपासण्यांची वाट न बघता थेट ओरोसच्या सरकारी रुग्णालयात किंवा गोव्याला बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात न्या. वाटेत कोणी भसाभस सलाइन लावून एका दिवसात सोडियम नॉर्मल करून देतो म्हणाला तर नको म्हणा, २४ तासांत ८ ते १० च्या वर चढवलं तर मेंदूतल्या नसांचं आवरण उतरतं आणि ते नुकसान बरेचदा भरून येत नाही. झटका आला असेल तरच ३ टक्क्यांचं घट्ट सलाइन थोडं थोडं देतात, तेही दर काही तासांनी रक्त तपासत.

तर आत्ता मला एवढं कळवा: दोन्ही मांड्यांचे घेर, पोटॅशियम किती, लघवीचे रिपोर्ट, आणि गोळ्यांचे फोटो. फोटो काढताना दुकानदाराकडून अख्खी स्ट्रिप मागा, कापलेली नको.